बाहेरचं आणि मेडिकलचं

मुलांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकटीने विचारलं, "आजी, आजोबा आमदार होते ना? मग त्यांनी नेमकं काय केलं?" थोरल्याने लगेच सांगून टाकलं की त्याने इंटरनेटवर शोधलं, आजोबांबद्दल एकच ओळ आहे आणि तीत फक्त मतदारसंघ आहे. आजोबा माझ्या शेजारी वेताच्या खुर्चीत बसले होते. लकवा झाल्यापासून त्यांच्याजवळ थोडेच शब्द उरले आहेत आणि ते जपून वापरतात. ते हसले आणि म्हणाले, "अंशतः."

ते हसले म्हणून तुम्हीही हसलात. पण तो निव्वळ विनोद नव्हता, तुमच्या प्रश्नाचं ते उत्तर होतं. उलगडून सांगणं त्यांना आता जमणार नाही, म्हणून मी लिहायला बसले आहे. रोज दुपारी चहाच्या आधी लिहिलेलं पान त्यांना वाचून दाखवते. काही चुकलं असेल तर ते डावा हात उचलतात, बरोबर असेल तर मान हलवतात. त्यांना मान हलवता येते आहे तोवर हे लिहून व्हायला हवं, एवढीच घाई आहे.

मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, तुमच्याशीही बहुतेक इंग्रजीतच बोलते. हे मात्र मराठीत लिहिते आहे, कारण सगळी गोष्ट एका मराठी शब्दामुळे घडली. त्या शब्दाला आमच्याकडे दोन अर्थ आहेत. इंग्रजीत त्यासाठी दोन वेगळे शब्द वापरावे लागतील, आणि तसे दोन शब्द असते तर यातलं काहीच घडलं नसतं. अडेल तिथे तुमची आई सांगेल.

आधी 'अंशतः' कुठून आलं ते सांगते. विधानसभेत आमदार सरकारला लेखी प्रश्न विचारतात. त्याची भाषा ठरलेली असते. अमुक गावात अमुक झाले, "हे खरे आहे काय?" असा प्रश्न. उत्तरही ठरलेलं: "होय", नाहीतर "हे खरे नाही", आणि सरकारला अगदीच नाही म्हणवत नसेल तर "हे अंशतः खरे आहे". आजोबांचे प्रश्न मी लिहून द्यायची. ते बैठकीत येरझारा घालत वऱ्हाडीत सांगायचे, "लिह, का दवाखान्यात सुई हाये तं दोरा नाई, अन् डाक्टर हाये तं त्याले बसाले खुर्ची नाई." मी लिहायची, "सदर रुग्णालयात आवश्यक साधनसामग्रीचा अभाव आहे, हे खरे आहे काय?" वाचून दाखवलं की ते म्हणायचे, "पाय बाप्पा, माह्या बोलण्याले कशी इस्त्री मारली मास्तरणीनं."

ती भाषा मग आमच्या घरात शिरली. जेवताना ते गंभीर चेहऱ्याने विचारायचे, "आजच्या वरणात मीठ पडलेले नाही, हे खरे आहे काय?" मी म्हणायची, "हे अंशतः खरे आहे." तुमची आई तेव्हा कॉलेजात होती. ती डोक्याला हात लावायची.

बोरगाव मेघेचं हे घर तुम्ही पाहिलं आहे. पुढच्या व्हरांड्यात आता माझ्या कुंड्या आहेत, तिथे तेव्हा बाकं होती. सकाळी आंघोळ करून आजोबा बाहेर येत, तेव्हा बाकं भरलेली असत. कुणाला बदली हवी असायची, कुणाचा शेतातला रस्ता शेजाऱ्याने नांगरलेला असायचा. पण सगळ्यात जास्त माणसं आजारपणापायी येत. मोठ्या ऑपरेशनसाठी सरकारची योजना असे, तिथे आजोबांचं पत्र कामी येई. अडायचं ते पुढे. ऑपरेशन झालेल्या माणसाला दर महिन्याला वर्ध्याला न्यायचं तर गाडी करावी लागे, सोबत जाणाऱ्याची मजुरी बुडे, आणि जन्मभराची रोजची गोळी विकत घ्यावी लागे. बीपीची, साखरेची, फिटची. माणसं दोन-चार महिने गोळी घेत आणि मग गुपचूप सोडून देत. विचारलं की म्हणत, "आता बरं वाटते ना भाऊ, मंग काऊन खर्च करा?"

आजोबांनी तेच डोक्यात घेतलं. मोठे दवाखाने राहू द्या, तालुक्याच्या सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर रोजच्या गोळ्या बारा महिने मिळाल्या पाहिजेत, एवढं एकच. दर अधिवेशनात ते हाच विषय निरनिराळ्या शब्दांत मांडायचे. त्यांचे कार्यकर्ते वैतागायचे. त्यातला एक, बोलायला फार तिखट, भर व्हरांड्यात म्हणाला, "साहेब, रस्त्याचं भूमिपूजन होते, समाजमंदिराचं होते. गोळीचं भूमिपूजन कसं कराचं? नारळ कोठी फोडाचा?"

आजोबा म्हणाले, "माह्या टकुऱ्यावर फोड."

सगळे हसले. पण तो कार्यकर्ता खरं बोलला होता, ते पुढे निवडणुकीत कळलं.

आता मावशी. आर्वीकडच्या एका खेड्यातून ती भाजी घेऊन आमच्या गल्लीत यायची. दीडएक एकरात वांगी, मेथी, पालक आणि सांभार पिकवायची. तुम्ही ज्याला कोथिंबीर म्हणता त्याला आम्ही सांभार म्हणतो. तुमच्या पुण्याच्या काकूने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती मावशीला म्हणाली होती, "कच्चा सांबार कसा विकता?"  शब्द गाव बदलला की असे घोळ घालतात. मावशी मला 'मॅडमबाई' म्हणायची आणि आजोबांना 'भाऊ'. टोपली उतरवली की अर्धा कप चहा घ्यायची, आणि चहा पितापिता बोलायची ती फक्त सुनेबद्दल.

सून वडनेरची होती. आमच्याकडे सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारतात, म्हणून तीही गावात 'वडनेरवाली'. मावशीला मुलगी नव्हती, आणि एकुलता एक मुलगा ट्रकवर असल्याने पंधरा-पंधरा दिवस फिरतीवर असायचा. ही सून आल्यापासून मावशीच्या बोलण्याला निराळाच गोडवा आला होता. वडनेरवालीने शेतात ठिबकच्या नळ्या कशा अंथरल्या, वडनेरवाली मोबाइलवर भाव कसा पाहते, वडनेरवालीला वांग्याचं भरीत माझ्यासारखं जमत नाही पण ठेचा काय करते! तक्रार करतानाही ती कौतुकच करत असे.

लग्नानंतर वर्षभरात वडनेरवालीला फिट आली. पाण्याचा गुंड, म्हणजे हंडा, डोक्यावर असताना ती रस्त्यात पडली, तोंडाला फेस, हातपाय ताठ. सगळ्या गावाने पाहिलं. आणि गावाने ठरवून टाकलं की हिला 'बाहेरचं' आहे.

हाच तो शब्द. बाहेरचं म्हणजे अंगात शिरलेलं, भुताखेताचं, कुणी केलेलं. एखाद्या बाईला बाहेरचं आहे असं एकदा ठरलं की गाव तिच्या हातचं पाणी घेताना थबकतं, बाया आपली लेकरं तिच्याकडे देत नाहीत, आणि हळूहळू सासर तिला माहेरी पोचवून येतं. न्यायला मग कुणी जात नाही.

मावशीने मात्र कमरेला पदर खोचला. सुनेला घेऊन ती थेट तालुक्याच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरने नीट तपासलं, मोठ्या दवाखान्यात डोक्याची तपासणी करून आणायला लावली आणि रोजच्या गोळ्या दिल्या. गोळ्या खिडकीवर फुकट मिळत होत्या. त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात एकही फिट आली नाही. मावशी माझ्या पायरीवर बसून गावाला शिव्या घालायची. "म्या सांगतलं सगळ्याईले. डाक्टर म्हनते डोक्यातल्या शिरेची बिमारी हाये. बाहेरचं गिहेरचं काई नाई. ज्याले बाहेरचं दिसते त्याचेच डोळे तपासा म्हनलं."

दिवाळीनंतर मावशी यायची थांबली. कापूस वेचणीचे दिवस होते, मला वाटलं शेतात अडकली असेल. मग एक दिवस तिच्याच गावची दुसरी भाजीवाली आली. तिला मी विचारलं.

ती टोपली उतरवतच म्हणाली, "थे कायची येते आता? तिच्या सुनेले बाहेरचंच निंगालं ना."

"अगं, फिटचा आजार आहे तिला. डॉक्टरने सांगितलं आहे."

"डाक्टरचं राहू द्या, आता दवाखान्यानंच सांगतलं. सरकारी दवाखान्यानं! खिडकीवरच्या मानसानं तोंडावर सांगतलं, हे बाहेरचं हाये, इथं काई होत नाई. बुढी बिचारी रडत रडत आली. आज वडनेरून पोरीचा बाप येनार हाये, घिऊन जाते तिले. तिकडं एक जन उतरवते म्हनतात."

आजोबा व्हरांड्यातली माणसं आटोपून आत जेवायला बसले होते. मी तिचं वाक्य जसंच्या तसं त्यांना सांगितलं. "खिडकीवरचा माणूस म्हणाला, हे बाहेरचं आहे, इथं काही होत नाही." बोलता बोलता मी थांबले. त्यांचाही घास हातातच राहिला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्याही एकाच वेळी लक्षात आलं.

गोळ्या संपल्या होत्या. इतकंच झालं होतं. दवाखान्यात औषध संपलं की खिडकीवरची माणसं चिठ्ठी परत सरकवतात आणि म्हणतात, "हे बाहेरचं आहे." म्हणजे आमच्याकडे नाही, बाहेरून विकत आणा. दिवसातून शंभरदा म्हणत असतील. त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं, पुढे मी त्याला भेटले तेव्हा तो भला वाटला. पण ज्या बाईने हाच शब्द खोडून काढायला गावाशी भांडण घेतलं होतं, तिने तो सरकारी खिडकीतून ऐकला. तिच्यापुरता निकाल लागला होता.

"फिटची गोळी एकदम बंद करायची नसते," मी म्हटलं.

"गाडी काढाले सांग," आजोबा म्हणाले, आणि ताटावरून उठले. अर्धं ताट टाकून उठलेलं मी त्यांना तेव्हाच पाहिलं. अन्न टाकण्याबाबत ते फार कडक होते, तुम्हाला माहीत आहे.

वाटेत मेडिकलच्या दुकानातून गोळ्या घेतल्या. डॉक्टरांना आजोबांनी फोनवर विचारून घेतलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, आज गोळी द्या आणि उद्या मुलीला माझ्याकडे पाठवा. आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलायला लागली होती. वडनेरवालीचे वडील अजून आले नव्हते. ओट्यावर एका पिशवीत साड्या भरून ठेवल्या होत्या. वडनेरवाली तिच्या शेजारी बसून मेथी निवडत होती. जायला निघालेली मुलगी आणि हातात त्या घरची संध्याकाळची भाजी. गळ्यात नवा काळा दोरा होता. चेहरा उतरलेला होता. आदल्या आठवड्यात पुन्हा फिट आली होती, हनुवटीवर खरचटलेलं होतं.

मावशी आतून आली. आम्हाला पाहून तिने पदर सावरला नाही की बसा म्हणाली नाही. सरळ आजोबांवर तुटून पडली.

"आता काऊन आले भाऊ? तुमच्याच दवाखान्यानं सांगतलं! म्या साऱ्या गावाशी भांडली. अंगात येनाऱ्या बायाईशी भांडली. अन् तुमच्या सरकारच्या मानसानं मले सांगतलं का बाहेरचं हाये. मंग म्या कोनाले तोंड दाखवू?"

आजोबा बाजेवर बसले. "त्यानं काय म्हनलं, जसं म्हनलं तसं सांग."

"म्या म्हनलं, गोळी दे बावा. थो म्हने नाई. म्या म्हनलं, काऊन नाई? थो वर पाहेच ना. चिठ्ठी सरकवली अन् म्हनलं, हे बाहेरचं हाये, इथं काई होत नाई, मावशी."

"गोळी बाहेरची म्हनला थो. बिमारी नाई म्हनला."



आजोबांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढली आणि तिच्या हातावर ठेवली. "हे पाय. हेच गोळी ना? खिडकीवरची संपली. बाहेरची म्हनजे मेडिकलची. दुकानातून इकत आना, असं म्हनाचं होतं त्याले."

मावशीने पट्टी उलटीसुलटी केली. रंग ओळखला. मग तिच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते मला नीट सांगता येणार नाही. आधी तिने डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा ती भयंकर रागावलेली होती.

"मंग मेडिकलचं म्हनाले का झालं होतं त्याच्या तोंडाले?"

ओट्यावरून फिसकन आवाज आला. वडनेरवाली हसली होती. मेथीची जुडी तोंडावर धरून ती हसायला लागली आणि तिला थांबता येईना. मावशी तिच्यावरही खेकसली, "हासतं काय व! आन पानी, घे गोळी!" आणि तीच पाणी आणायला आत धावली, आणि आतून रडण्याचा आवाज आला.

वडनेरवालीने गोळी घेतली. आम्ही सगळ्यांनी तिला गोळी गिळताना असं पाहिलं जसं लहान लेकराला पहिला घास घेताना पाहतात.

मावशी डोळे पुसत बाहेर आली आणि ओट्याच्या कडेला बसली. आता ती शांत झाली होती. पट्टीवर बोट फिरवत तिने विचारलं, "भाऊ, हे तं तुमी आनली. हे सरली का पुन्हा खिडकीवर मेडिकलचंच ना? दर महिन्याले मेडिकलचं आनाले मले होनार हाये का?"

  आजोबा म्हणाले, "हे म्या इचारतो. जिथं इचाराचं तिथं इचारतो."

एवढ्यात वडनेरवालीचे वडील आले. एसटीने आर्वीच्या डेपोवर उतरून पुढे ऑटोने आले होते. खांद्यावर दुपट्टा, हातातल्या थैलीत नारळ, लिंबं आणि अगरबत्तीचा पुडा. ज्याच्याकडे उतरवायचं होतं त्याने सांगितलेलं सामान. अंगणात आमदाराची गाडी पाहून ते बिचारे दारातच थांबले. मुलीला काही झालं, असंच त्यांना वाटलं असावं. 

मावशी उठली. "या इवाईबुवा. पोरगी माही कोठी जात नाई."

"पन बाई, तुमीच तं फोन केल्ता—"

"केल्ता. आता नाई म्हनतो. बाहेरचं नाई थे. मेडिकलचं हाये."

त्यांना अर्थातच काही कळलं नाही. आजोबांनी बसवून सगळं समजावलं. वडील मध्येमध्ये फक्त "हो का" म्हणत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी थैलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "मंग या लिंबाईचं काय करू?"

"सरबत," वडनेरवाली म्हणाली.

ते उठले, गोठ्याकडे गेले आणि गायीच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. दुपट्ट्याचं टोक दोनदा डोळ्यांकडे गेलं.  नंतर आम्ही सगळ्यांनी भूत उतरवायच्या लिंबांचं सरबत प्यायलं. नारळ मावशीने गावच्या मारुतीला फोडला. तिथे आलेल्या प्रत्येक बाईला तिने खोबऱ्याबरोबर 'मेडिकलचं' हा शब्दही वाटला.

त्याच महिन्यात नागपूरला हिवाळी अधिवेशन होतं. आजोबांच्या त्या वेळच्या लेखी प्रश्नात ग्रामीण रुग्णालयांतल्या गोळ्यांचा मुद्दा होताच. मी नेहमीसारखी इस्त्री मारून दिला होता: "रुग्णांना औषधे बाहेरून आणावी लागतात, हे खरे आहे काय?" मी प्रेक्षक गॅलरीत बसले होते. छापील उत्तर आलं, "हे खरे नाही."

आजोबा उपप्रश्नाला उठले. सभागृहात ते नेहमी प्रमाण मराठीत बोलायचे, जरा अवघडून. त्या दिवशी एका वाक्यानंतर ते वऱ्हाडीत उतरले. म्हणाले, "अध्यक्ष महोदय, माह्या प्रश्नात 'बाहेरून' असा शब्द हाये. त्याचा अर्थ आमच्या भागात काय होते थे सांगाची परवानगी द्या." आणि त्यांनी मावशीची गोष्ट सांगितली, कुणाचं नाव न घेता, गावाचं नाव न घेता. "मंग मेडिकलचं म्हनाले का झालं होतं" इथे सगळं सभागृह हसलं, मंत्रीही हसले. मग आजोबांनी मावशीचा दुसरा प्रश्न विचारला. दर महिन्याला मेडिकलचं आणायला मला होणार आहे का? तेव्हा कुणी हसलं नाही. मंत्री उठले, हातातल्या कागदाकडे पाहिलं, तो खाली ठेवला, आणि म्हणाले, "मूळ उत्तरात दुरुस्ती करतो. हे अंशतः खरे आहे. तपासून कार्यवाही करण्यात येईल."

आजोबांनी वर गॅलरीत माझ्याकडे पाहिलं. इतक्या लांबून त्यांचा चेहरा मला नीट दिसत नव्हता, पण ते वरणातल्या मिठाचाच विचार करत होते हे मला माहीत होतं.

आता 'नेमकं काय केलं' ते सांगते. कायदा झाला नाही. फिटच्या गोळ्या आमच्या तालुक्याच्या खिडकीवर पुन्हा यायला लागल्या, त्यासाठी आजोबांनी किती वेळा मुंबईला खेटे घातले ते मीच जाणते. तरी त्या अधूनमधून संपत राहिल्या. दवाखान्याच्या बैठकीत आजोबांनी एक गोष्ट मात्र मान्य करून घेतली. औषध संपलं तर खिडकीवरच्या माणसाने वर बघून बोलायचं, "गोळी संपली, मेडिकलमधून आणा," आणि पुन्हा कधी येणार तेही सांगायचं. खिडकीवरचा तो माणूसही बैठकीत होता. तो नांदेडकडचा. म्हणाला, "आमच्याकडंही बाहेरचं तेच असतं हो. पण खिडकीत बसलं की लक्षातच राहत नाही."

पुढच्या निवडणुकीत आजोबा हरले. गावोगावी लोक रस्त्याचं विचारत होते आणि रस्ते झाले नव्हते. तो तिखट कार्यकर्ता निकालाच्या दिवशी व्हरांड्यात बसून राहिला. शेवटी म्हणाला, "नारळ कोठी फोडाचा, इचारलं होतं म्या." आजोबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. नंतर बाकं हळूहळू रिकामी झाली आणि मी तिथे कुंड्या ठेवल्या.

मावशी आता थकली आहे, ती येत नाही. भाजी घेऊन वडनेरवाली येते. स्कूटीवर येते, मागे दोन क्रेट बांधून. तिला एक मुलगी आहे, शाळेत जाते. क्रेट उतरवले की मावशीसारखाच अर्धा कप चहा घेते आणि तो आजोबांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसून पिते. आजोबांच्या गोळ्यांच्या डबीत सकाळची गोळी शिल्लक दिसली तर त्यांना ओरडते. "भाऊ, मले शिकवत होते ना? घ्या आता." ते तोंड वाकडं करून गोळी घेतात. मग ती विचारते, "आज बरं हाये का?" आणि ते म्हणतात, "अंशतः." ती हसते, आणि निघताना आमच्याकडच्या बाया म्हणतात तसं, "येतो मॅडमबाई" असं म्हणून स्कूटी सुरू करते.

काल हे सगळं त्यांना पुन्हा सलग वाचून दाखवलं. त्यांनी एकदाच डावा हात उचलला, नारळाच्या ठिकाणी. मी आधी लिहिलं होतं की नारळ देवीला फोडला. त्यांनी मोठ्या प्रयत्नाने सांगितलं, "मारुती." तेवढं बदललं आहे.

मागच्या महिन्यात मी स्वतः त्यांच्या गोळ्या आणायला तालुक्याच्या त्या दवाखान्यात गेले होते. खिडकीवर आता एक मुलगी बसते, नवीन आहे, तिला आजोबा माहीत नाहीत. माझ्या पुढच्या म्हाताऱ्याची एक गोळी संपलेली होती. तिने मान वर केली आणि म्हणाली, "बाबाजी, हे संपली. मेडिकलमधून आना. सोमवारी येते इथं, तेव्हा येजा."

गोळ्या अजूनही संपतात. पण त्या खिडकीवर 'बाहेरचं' असं कुणी म्हणत नाही.